हिएई डोंगरावरचे हजार दिवस : धावणे ही साधना केव्हा होते?

जपानमध्ये क्योतो शहराच्या ईशान्येला ८४८ मीटर उंचीचा हिएई नावाचा डोंगर आहे. साइचो या भिक्षूने ७८८ साली तेथे एक लहानसे मंदिर बांधले आणि त्यातूनच पुढे एनऱ्याकुजी हे तेंदाई या बौद्ध पंथाचे मुख्य पीठ उभे राहिले. या पीठातील मोजके भिक्षू सात वर्षांत मिळून एक हजार दिवस डोंगरवाटांनी फेरी घालण्याचे व्रत घेतात. सगळ्या फेऱ्यांची बेरीज केली तर ती अडतीस हजार किलोमीटरांच्या आसपास जाते, म्हणजे पृथ्वीच्या विषुववृत्तापेक्षा थोडीशीच कमी. या व्रताला काइहोग्यो म्हणतात. गेल्या काही दशकांत पाश्चात्त्य लेखनातून या साधकांना ‘मॅरेथॉन भिक्षू’ हे नाव चिकटले आणि धावण्यातून अध्यात्म साधते का, अशी चर्चा निघाली की हिएईचा दाखला हमखास दिला जाऊ लागला. मात्र तो देताना बहुधा अंतराचे आकडे आणि नऊ दिवसांच्या निर्जळी उपवासाची हकीकत एवढेच सांगितले जाते. ऐकणारा थक्क होतो, पण ही सारी धावपळ नेमकी कशासाठी चालली आहे, हे त्याला कळत नाही. प्रस्तुत लेख त्या ‘कशासाठी’विषयी आहे.

ध्यान म्हटले की आपल्यासमोर पद्मासनात बसलेली मूर्ती येते. परंतु ध्यान बसूनच करायचे असते, असा नियम बौद्ध परंपरेत नाही. तेंदाई पंथाचे मूळ ज्या चिनी परंपरेत आहे, तिचे आचार्य झियी (५३८ ते ५९७) यांनी समाधीचे चार प्रकार सांगितले: अखंड बसून करायची, अखंड चालत करायची, काही काळ बसून व काही काळ चालून करायची आणि या दोन्ही मुद्रांचे बंधन नसलेली. यांपैकी दुसऱ्या प्रकारात साधक नव्वद दिवस अमिताभ बुद्धांच्या मूर्तीभोवती नामस्मरण करीत प्रदक्षिणा घालत राहतो. हिएईवर त्यासाठी बांधलेले स्वतंत्र सभागृह आजही आहे. पाय चालू ठेवून चित्त एका नामावर बांधायचे, ही कल्पना त्यामुळे या डोंगरावर बाराशे वर्षांपासून परिचयाची आहे. काइहोग्योने केलेला मोठा बदल असा की, प्रदक्षिणा मूर्तीभोवती न राहता सबंध डोंगराला घातली जाऊ लागली.

हा बदल करण्याचे श्रेय परंपरेने सोओ (८३१ ते ९१८) या भिक्षूला दिले जाते. त्याच्याविषयीची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. कात्सुरागावा येथील धबधब्यात त्याला अचलनाथाचे दर्शन झाले. भान हरपून त्याने पाण्यात उडी घेऊन देवाला मिठी मारली आणि बाहेर येऊन पाहतो तो हातात लाकडाचा ओंडका. त्याच ओंडक्यातून त्याने अचलनाथाची मूर्ती घडवली. हा अचलनाथ, ज्याला जपानी लोक फुदो म्यो-ओ म्हणतात, भारतातून चीनमार्गे तेथे पोहोचलेला उग्ररूप देव आहे. हिएईचे साधक त्याचा जो मंत्र जपतात, तो कानाला जपानी वाटला तरी मूळचा संस्कृतच आहे: नमः समन्तवज्राणां चण्डमहारोषण स्फोटय हूं त्रट् हां मां. हजारभर वर्षांत तो जपानी उच्चारांच्या साच्यात बसून ‘नोमाकु सानमांदा बाझारादा’ असा सुरू होऊ लागला, इतकेच.

व्रताचा दुसरा आधार अचलनाथाहूनही महत्त्वाचा आहे आणि त्याच्याकडे सहसा दुर्लक्ष होते. सद्धर्मपुण्डरीक सूत्राच्या विसाव्या प्रकरणात सदापरिभूत नावाच्या एका बोधिसत्त्वाची कथा येते. हा बोधिसत्त्व फारसे ग्रंथपठण करीत नसे. भेटेल त्या प्रत्येकाला, मग तो भिक्षू असो वा गृहस्थ, तो वाकून नमस्कार करी आणि म्हणे की, मी आपला अवमान करीत नाही, कारण आपण सर्वजण पुढे बुद्ध होणार आहात. लोकांना ही थट्टा वाटे. ते चिडून काठ्या-दगड मारीत, तेव्हा तो पळत दूर जाई आणि तेथून पुन्हा मोठ्याने तेच म्हणे. तेंदाई विचारात बुद्धत्वाची ही शक्यता माणसांपुरती राहिली नाही, झाडे, खडक आणि झरेही तिच्या कक्षेत आले. मग जो साधक सदापरिभूताप्रमाणे वागू पाहतो, त्याला डोंगरावरच्या प्रत्येक पूज्य झाडापुढे, खडकापुढे आणि झऱ्यापुढेही वाकावेच लागणार. काइहोग्यो म्हणजे अशा नमस्कारांची साखळी आहे. अंतर पडते ते एका नमस्कारापासून दुसऱ्यापर्यंत पोहोचण्यासाठी.

रोजची फेरी कशी असते, ते पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होईल. साधक मध्यरात्रीच्या सुमारास उठतो, मंदिरातील उपासना आटोपतो आणि दीड-दोनच्या सुमारास हातात कंदील घेऊन मुदोजी खोऱ्यातून निघतो. अंगावर पांढरे वस्त्र असते, आणि तेथेही पांढरा रंग प्रेताचा मानला जातो. पायांत भाताच्या पेंढ्याच्या वहाणा असतात. पावसात त्या भिजून इतक्या लवकर सुटतात की जादा जोड बरोबर बाळगावे लागतात. कमळाच्या पानासारखी दोन्ही बाजूंनी वळलेली लांब टोपी असते, जी सुरुवातीच्या काळात डोक्यावर घालण्याचा अधिकारच नसतो, ती हातात धरून न्यायची. कमरेला एक दोरी आणि एक सुरी असते. व्रत अर्धवट सोडावे लागले तर साधकाने त्यांपैकी एकीने आपले जीवन संपवावे, असा परंपरेचा दंडक आहे. पहिले शंभर दिवस पूर्ण करून ज्याने पुढच्या नऊशे दिवसांचा संकल्प केला, त्याला हा दंडक लागू होतो. वाट दाखवायला वडीलधारा साधक एकदाच बरोबर येतो. त्यानंतर आधार असतो तो जुन्या पोथीवरून स्वतःच्या हाताने उतरवून घेतलेल्या टिपणवहीचा, ज्यात कोणत्या ठिकाणी कोणता मंत्र म्हणायचा आणि कोणती मुद्रा करायची, हे लिहिलेले असते.

अशी ठिकाणे सुमारे २६० आहेत. त्यांत मोठी मंदिरे आहेत, आचार्यांच्या समाध्या आहेत, एखादे देवदाराचे झाड, एखादे कुंड, एखादी साधी शिळाही आहे. वाट डोंगरावरच्या तिन्ही विभागांतून जाते, पलीकडे बिवा सरोवराच्या बाजूला साकामोतो गावात उतरते आणि पुन्हा चढून मुदोजीला येते. संपूर्ण फेरीत बसण्याची परवानगी एकाच जागी असते: एका प्राचीन सीडार वृक्षाखाली, जेथून क्योतोचा राजवाडा असलेली दिशा समोर येते. तेथे साधक घटकाभर बसून सम्राटासाठी आणि देशासाठी प्रार्थना करतो आणि लगेच उठतो. सकाळी आठ-नऊच्या सुमारास तो परततो. पुढे स्नान, जेवण आणि मंदिरातील नेहमीची कामे असतातच. साधना चालू आहे म्हणून झाडलोट चुकत नाही.

आता एक साधा हिशेब करू. फेरी तीस किलोमीटरांची आणि थांबे २६०, म्हणजे सरासरी दर ११५ मीटरांवर एक थांबा. ठिकाणे समान अंतरावर नाहीत, हे खरे. तरीही या सरासरीतून व्रताचे स्वरूप उघड होते. ज्याला धावण्याचा सराव आहे त्याला ठाऊक असते की, लय लागायला पहिली पंधरा-वीस मिनिटे जातात आणि एकदा लय लागली की वाटेत थांबणे जिवावर येते. सिग्नललाही आपण जागच्या जागी पाय हलवत राहतो. हातावरची आधुनिक घड्याळे तर थांबलेला वेळ आपोआप वजा करून उरलेल्या वेळाचा वेग दाखवतात. धावण्यातील अध्यात्माविषयी जे लोकप्रिय लेखन आढळते, त्यातही हीच अखंड लय म्हणजे ध्यान, असे गृहीत धरलेले असते. हिएईची साधना नेमकी ही लय मोडते. पायांना गती आली, श्वास जुळला, मन सुखावून तरंगू लागले की पुढचा थांबा येतो, आणि थांबून, हात जोडून, मुद्रा करून दुसऱ्या कोणाला तरी वंदन करावे लागते. स्वतःच्या तंद्रीत रमायला तेथे सवडच ठेवलेली नाही. माझ्या मते काइहोग्योतील सर्वांत विचारपूर्वक केलेली योजना हीच आहे, उपवास नव्हे.

याच कारणाने ‘मॅरेथॉन भिक्षू’ हे नाव दिशाभूल करणारे आहे. तीस किलोमीटर, २६० थांबे आणि सहा-सात तास, हे गणित झपाझप चालण्याचे आहे. उतारावर पावले धावू लागतात, चढावर ती मंदावतात, आणि ती किती वेगाने पडली याची नोंद कोणी ठेवत नाही.

सात वर्षांची रचना अशी आहे. पहिली तीन वर्षे दरवर्षी शंभर दिवस आणि चौथ्या-पाचव्या वर्षी दरवर्षी दोनशे दिवस, रोज तीस किलोमीटर. असे सातशे दिवस भरले की दोइरी नावाचा टप्पा येतो, ज्यामुळे हे व्रत जगभर गाजले. साधक अचलनाथाच्या मंदिरात शिरतो आणि नऊ दिवस अन्न, पाणी, झोप आणि आडवे होणे या चारही गोष्टी वर्ज्य करून एक लाख मंत्रजप पुरा करतो. पहिला आणि शेवटचा दिवस अपुरा असतो, त्यामुळे प्रत्यक्षातील काळ साधारण साडेसात दिवसांचा भरतो. तरी मानवी शरीराच्या मर्यादेच्या तो अगदी काठावर आहे. रोज रात्री दोन वाजता साधक उठून मंदिराबाहेरच्या विहिरीवरून देवासाठी पाणी आणतो, ज्या पाण्याचा थेंबही त्याला स्वतः प्यायचा नसतो. पाचव्या दिवसानंतर चूळ भरण्याची सवलत मिळते, पण तोंडात घेतलेले पाणी तेवढेच परत भांड्यात पडले पाहिजे. दोघे सेवक सतत जवळ बसतात आणि डुलकी लागत आहे असे दिसले की सावध करतात. या काळात इंद्रिये इतकी तीक्ष्ण होतात की उदबत्तीची राख पडल्याचा आवाज येतो, असे साधक सांगतात.

येथवरची गोष्ट बहुतेकांनी ऐकलेली असते. दोइरीनंतरची गोष्ट फार थोड्यांनी ऐकलेली असते, आणि माझ्या दृष्टीने व्रताचा अर्थ तिच्यात आहे. तेंदाई परंपरेनुसार पहिले सातशे दिवस स्वतःच्या कल्याणासाठी आणि उरलेले दुसऱ्यांच्या कल्याणासाठी असतात. म्हणून सहाव्या वर्षी वाट डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या सेकिझान मंदिरापर्यंत लांबते आणि रोजचे अंतर साठ किलोमीटर होते. सातव्या वर्षी पहिले शंभर दिवस ती थेट क्योतो शहरात उतरते आणि अंतर ८४ किलोमीटरांवर जाते. रस्त्याच्या कडेला लोक गुडघे टेकून, मान झुकवून बसलेले असतात, त्यांत आजारी माणसे असतात, कडेवर मुले घेतलेल्या आया असतात. साधक त्यांच्या डोक्याला जपमाळेचा स्पर्श करीत पुढे जातो. दिवस सोळा ते अठरा तासांचा होतो, झोप दोन तासांच्या आसपास उरते आणि चढावर मागून काठीच्या आधाराने पाठीला रेटा देणारा सेवकही लागतो. अखेरचे शंभर दिवस पुन्हा डोंगरावरची मूळची तीस किलोमीटरांची फेरी असते. अरण्यात एकट्याने झाडांना वंदन करायला शिकलेला माणूस शेवटी वाहनांच्या गर्दीत माणसांपुढे आणून सोडला जातो. सदापरिभूताने सुरुवात जेथून केली होती, तेथे हा साधक सहा वर्षांच्या तयारीनंतर पोहोचतो.

ओदा नोबुनागा या सरदाराने १५७१ साली हिएई जाळला, तेव्हा पीठाचे जुने दप्तर नष्ट झाले. त्यानंतरच्या चारशेहून अधिक वर्षांत हजार दिवस पूर्ण केलेल्यांची संख्या पन्नासच्या आसपास आहे. त्यांपैकी साकाई युसाई (१९२६ ते २०१३) यांनी हे व्रत दोनदा पूर्ण केले, १९८० मध्ये आणि पुन्हा १९८७ मध्ये, वयाच्या साठीत. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ते आत्मघाती वैमानिकांच्या तळावर होते. युद्धानंतर धंद्यात अपयश आले, लग्नानंतर थोड्याच काळात पत्नीने आत्महत्या केली, आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर ते हिएईवर आले. बालपणापासून मठात वाढलेला सिद्ध पुरुष, हे चित्र त्यांना लागू पडत नाही. शंभर दिवसांचे छोटे व्रत मात्र इतके दुर्मीळ नाही. हिएईवरील काही मंदिरांचे प्रमुखपद हवे असेल तर ते पार पाडावेच लागते.

एक आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात नक्की येईल. स्वतः बुद्धांनी देहदंडनाचा मार्ग अनुभवून तो निष्फळ म्हणून सोडला आणि मध्यम मार्ग सांगितला. मग त्यांच्याच नावाने हा निर्जळी उपवास कसा? या आक्षेपात तथ्य आहे आणि मला त्याचे पूर्ण समाधान सापडलेले नाही. साधकांच्या बाजूने इतके म्हणता येते की, दोइरी हे साध्य मानले जात नाही, ती स्वतःसाठीच्या साधनेचा शेवट आहे. पण कमरेला सुरी बांधून व्रत करायला लावणे हे करुणेच्या धर्माशी कसे जुळवायचे, हा प्रश्न शिल्लक राहतो. तो सोडवण्याचा आव न आणणेच बरे.

हिएईची पद्धत म्हणजे धावण्याच्या साधनेचा एकमेव नमुना नाही. चितगावजवळ १९३१ साली जन्मलेले आणि पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमात वाढलेले श्री चिन्मय तरुणपणी तेथील उत्तम धावपटू होते. १९६४ साली ते न्यूयॉर्कला गेले आणि त्यांनी ध्यान व दीर्घ पल्ल्याचे धावणे यांची सांगड घातली. त्यांनी सुरू केलेली ३,१०० मैलांची शर्यत १९९७ पासून न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात होते. एका शाळेभोवतीच्या पदपथावर ८८३ मीटरांची एक फेरी, अशा ५,६४९ फेऱ्या ५२ दिवसांत पूर्ण करायच्या असतात. रोज सकाळी सहा ते मध्यरात्र एवढीच वेळ, म्हणजे दिवसाला सरासरी ९६ किलोमीटर पडतात. निसर्ग नाही, देखावा बदलत नाही, पायाखाली सिमेंट. दिशा तेवढी रोज उलटी करतात, म्हणजे एकाच पायावर सतत ताण येत नाही. येथे मनाला बांधण्याचे काम तोचतोपणा करतो: पुढे काय दिसेल ही उत्सुकता पहिल्या काही दिवसांतच संपते आणि धावणाऱ्यापाशी श्वास, पाऊल आणि मनातले नाम एवढेच उरते. पण तेथे घड्याळ आहे, रोजच्या मैलांची पाटी आहे, कोण पुढे आहे हे सर्वांना दिसते. त्यामुळे अहंकार झिजण्याची आणि तो फुगण्याची शक्यता मला तेथे सारखीच वाटते.

तिसरा नमुना आपल्या वारीतला आहे. संत ज्ञानेश्वरांची पालखी माळशिरसहून वेळापूरकडे येते, तेव्हा तेथील टेकावरून दिंड्या उताराने धावत सुटतात. तुकाराम महाराजांना येथून पंढरीच्या मंदिराचा कळस दिसला आणि ते धावत निघाले, अशी श्रद्धा आहे, आणि या धावण्याला वारकरी ‘धावा’ म्हणतात. आळंदीपासूनच्या सुमारे अडीचशे किलोमीटरांच्या वाटचालीत हे धावणे काही मिनिटांचेच. डोक्यावर तुळस घेतलेली आजीबाईही त्यात असते आणि पताका सांभाळणारा तरुणही. त्याला व्रताचे नियम नाहीत, संख्या नाही. भेटीची ओढ अनावर होते म्हणून पाय धावतात. हिएईवर धाव शिस्तीतून येते, वेळापूरला ती प्रेमातून येते. दोन्हीकडे धावणाऱ्याची नजर स्वतःच्या शरीरावर खिळलेली नसते, हे साम्य मात्र आहे.

धावल्यानंतर वाटणाऱ्या आनंदाचे काय, असे कोणी विचारील. तो खरा आहे आणि त्याचे शारीरिक कारणही बऱ्यापैकी उलगडले आहे. पूर्वी त्याचे श्रेय एन्डॉर्फिन या द्रव्यांना दिले जाई. २०२१ साली हॅम्बुर्गच्या संशोधकांनी धावणाऱ्यांमध्ये एन्डॉर्फिनचा परिणाम औषधाने रोखून पाहिला, तरीही त्यांना तो आनंद जाणवला. त्यामुळे शरीरातच तयार होणाऱ्या, गांजातील द्रव्यांशी साम्य असलेल्या एन्डोकॅनॅबिनॉइड गटाकडे आता अधिक लक्ष आहे. हा आनंद कसरतीच्या धावण्यातही मिळतो आणि काही तासांत ओसरतो. त्यालाच आत्मानुभव समजणे घाईचे होईल. हिएईच्या व्रतात त्याला कोठेही स्थान दिलेले नाही.

ज्याला रोज सकाळी टेकडीवर किंवा मैदानावर धावण्याची सवय आहे, त्याला यातून काही घेता येईल का? उपवास आणि जागरण मुळीच घेऊ नये. पाण्याशिवाय काही दिवस राहणे प्राणघातक ठरू शकते, आणि हिएईवरही ते सातशे दिवसांच्या तयारीनंतर, दोन माणसांच्या देखरेखीखाली होते. घेण्यासारखी गोष्ट थांब्यांची आहे. वाट रोज तीच ठेवावी. तिच्यावर चार-पाच जागा ठरवाव्यात: एखादे जुने वडाचे झाड, शेंदूर लावलेला दगड, पहाटे रस्ता झाडणाऱ्या मावशी ज्या कोपऱ्यावर भेटतात तो कोपरा. तेथे पोहोचल्यावर वेग कितीही चांगला लागलेला असला तरी पूर्ण थांबावे, हात जोडावेत किंवा निदान मान लववावी, मावशींशी दोन शब्द बोलावेत आणि मग पुढे निघावे. घड्याळ घरी ठेवता आले तर उत्तम. मधल्या वाटेत ज्याचे जे नाम असेल ते पावलांशी जुळवून पुटपुटता येईल इतकाच वेग ठेवावा. नाम तुटू लागले तर दम लागला आहे असे समजून वेग कमी करावा. गुडघ्यांचा किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी हे सारे चालत करावे, हिएईवरचीही बरीचशी वाट चालूनच कापली जाते.